एका पायावर सोळा श्वास

९ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. मी तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या शेजारच्या टायपिस्टबाईंनी उचलला. पहिल्यांदा तू अंघोळीला गेली होतीस, दुसऱ्यांदा गच्चीवर, तिसऱ्यांदा परत अंघोळीला. म्हणून पत्र लिहितो आहे. आधी कच्चं लिहिलं, त्यातल्या चुका काढल्या, मग हे पक्कं लिहायला घेतलं.

माझा उजवा हात थरथरतो. नोव्हेंबरपासून. माझं काम तुला ठाऊक आहे. गोल काच येते, ती चष्म्याच्या फ्रेममध्ये बसेल अशी घासायची. बाकीच्या दुकानांत त्याला यंत्रं आली, पण आमचे मालक म्हणतात की जाड नंबरची काच हातानेच घासावी. दगडी चाक फिरत असतं, वरून पाण्याची बारीक धार, आणि दोन बोटांत काच. घाई केली की काच तापते आणि कडेचा टवका उडतो. सहा वर्षांत माझ्या हातून एकही टवका उडाला नव्हता. डिसेंबरात चार उडाले. चौथी काच एका शिक्षिकेची होती, उणे अकरा नंबरची. त्या बाई चष्म्याशिवाय आल्या होत्या. काउंटर कुठे संपतो ते हाताने चाचपत होत्या. त्यांना आणखी बारा दिवस थांबावं लागेल हे मीच सांगितलं. तेव्हापासून चाकासमोर बसलो की मला त्यांची बोटं दिसतात.

मालक वाईट नाहीत. पहिल्या दिवशी नुसतं म्हणाले, "भिंग्या, हाताला मोबाईल बांधलायस का रे, सारखा वाजतोय तो." पण नंतर म्हणाले की एप्रिलअखेरपर्यंत बघू, नाही थांबला तर पुढे काउंटरला बस आणि डब्या पूस. मला काउंटर जमणार नाही, आत्या. मला फक्त हेच येतं.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, काही नाही, मनाची भीती आहे, सावकाश होणारी आसनं करा, ध्यान करा. मी ध्यानाला बसून बघितलं. डोळे मिटले की गॅस बंद केला का, हे आठवतं. उठून बघतो, बंद असतो. परत मिटतो, मग नळ.

तू बावीस वर्षं तो सावकाश आसनांचा वर्ग चालवलास. लोक तुला गोगलगायबाई म्हणतात, आणि तुझ्याकडे येणारी माणसं शांत होऊन जातात हे मी लहानपणी दाराआडून पाहिलं आहे. आई गेल्यावर मला तूच वाढवलंस, पण हे तेवढं शिकवलं नाहीस. मला पत्राने शिकवशील का?

तुझा,
भिंग्या


१७ जानेवारी

भिंग्या,

फोनचं म्हणशील तर मी हल्ली फार स्वच्छ राहते.

तुला शिकवलं नाही कारण तू एका जागी बसायचास नाहीस. चपला सरळ रेषेत लावायला उठायचास.

आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. नेमकी दे, तुझ्या सवयीप्रमाणे. हात काम करताना थरथरतो की नुसता मांडीवर ठेवला असतानाही? कप हातातून सुटतो का? चालताना पाऊल अडखळतं का, चप्पल पायातून निसटते का? दोन्ही हातांचे अंगठे शेजारी शेजारी धर आणि अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल भाग असतो तो सारखा आहे का बघ. उगाच विचारत नाही, शिकवायच्या आधी मी सगळ्यांना विचारते.

आता आसन. सरळ उभा राहा. सगळं वजन उजव्या पायावर आण. डावा पाय उचलून त्याचा तळवा उजव्या पायाच्या आतल्या बाजूला टेकव, जमेल तेवढा वर. हे सगळ्यांना येतं. आता ते गोगलगायीसारखं कर. पाय उचलायला आठ श्वास. वर ठेवून सोळा. खाली आणायला परत आठ. मग दुसरा पाय.

ध्यानाला एकदम बसलं की मन मोकाट सुटतं, कारण त्याला काही काम नसतं. म्हणून आधी शरीराला एक काम द्यायचं, आणि ते इतकं हळू करायचं की मनाला त्याच्यापुढे धावता येऊ नये. मन गॅसकडे जाईल. जाऊ दे. ते गेलं की तुझा तोल जाईल आणि तुला कळेल. रागावू नकोस, पाय परत उचल. हे झालं की पाच मिनिटं नुसता बस. त्या पाच मिनिटांसाठीच बाकीचं सगळं आहे.

नवशिक्यांना मी हे सुरुवातीला देत नाही. तुला देते. रोज सकाळी सहा वाजता कर, मीही त्याच वेळी करते.

आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उत्तरं: मांडीवर हात अगदी शांत असतो. चाकासमोर थरथरतो, आणि कोणी मागे उभं असेल तर जास्त. कप सुटत नाही. पाऊल अडखळत नाही. चप्पल निसटत नाही. अंगठ्यांचे मांसल भाग मी काचेची जाडी मोजायच्या मापाने मोजले. डावा आणि उजवा यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे. मालक म्हणाले तेवढा सगळ्यांना असतो, आणि माप परत जागेवर ठेव.

पहिले नऊ दिवस मी पडलो. दोनदा कपाटावर. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं की वर काय फर्निचर हलवताय का रोज. दहाव्या दिवशी सोळा श्वास झाले. स्टॉपवॉच लावलं होतं, एकाहत्तर सेकंद भरले. दुसऱ्या दिवशी अडुसष्ट. हे तीन सेकंद का कमी झाले असतील?

नंतरच्या पाच मिनिटांत गॅस दोनदाच आठवला. उठलो नाही.

तूही सहा वाजता तेच करत असतेस हे आठवलं की मी कमी हलतो.

तुझा,
भिंग्या


१२ फेब्रुवारी

भिंग्या,

अंगठ्यांचं वाचून बरं वाटलं. परत वाचलं, परत बरं वाटलं.

तीन सेकंद कमी झाले कारण तू घड्याळ बघत होतास. स्टॉपवॉच खणात टाक आणि किल्ली मालकांकडे दे. श्वास मोजायचा तो घड्याळासारखा नाही. येणारा-जाणारा माणूस दारात उभं राहून बघावा तसा.

एका पायाचं आता तुझं झालं. ते रोज करत राहा, पण त्याबद्दल मला काही विचारू नकोस. पुढचं घे. हात आणि गुडघे जमिनीवर टेकवून मांजरासारखा हो. श्वास घेताना पाठ खाली, मान वर. सोडताना पाठ कमानीसारखी वर, मान खाली. एका श्वासाला एक मणका हलतोय असं समज. मणके बरेच आहेत, त्यामुळे घाई नाही.

हात कसा आहे ते दर पत्रात लिही. दुसरं काही नाही लिहिलंस तरी चालेल.

आत्या


१ मार्च

प्रिय आत्या,

हात: गेल्या महिन्यात एकच टवका. त्या वेळी मालक मागे उभे राहून जांभई देत होते.

मांजर जमलं. त्यानंतर बसतो तेव्हा पाठ आपोआप सरळ राहते, धरून ठेवावी लागत नाही. परवा पाच मिनिटांची अकरा झाली आणि मला कळलं नाही. चाकावर काच धरताना मी आता श्वास सोडत वळवतो. धार पडत असते, काच फिरत असते, आणि मध्ये थोडा वेळ मी नसतो. हे बरोबर आहे का?

एक शंका आहे, रागावू नकोस. वाचनालयात एक पुस्तक बघितलं, त्यात आधी निजून करायची आसनं आहेत, मग बसून, मग उभी. तू उभ्यापासून सुरू करून मला गुडघ्यांवर आणलंस. हे मुद्दाम का?

तुझ्या पत्रातली अक्षरं या वेळी मोठी होती आणि ओळी उजवीकडे खाली उतरल्या होत्या. चष्मा तपासून घे. काच मी घासून देईन.

तुझा,
भिंग्या


११ मार्च

भिंग्या,

मनगट मुरगळलं आहे. म्हणून टायपिस्टबाई लिहून घेताहेत. एकतीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं लिहिण्यात गेली, सवय सुटत नाही बिचारीची. (लिहिणारीची टीप: मला हे शब्द लिहायला लावले आहेत. बिचारी मी नाही.)

काच घासताना मध्ये थोडा वेळ तू नसतोस, हे अगदी बरोबर आहे. तेवढ्यासाठी लोक डोंगरावर जाऊन बसतात. तुला ते पगारी मिळतंय.

पुस्तक वाचनालयात परत दे. पुस्तकांना घाई नसते.

पुढचं आसन. जमिनीवर पाय लांब करून बस. श्वास सोडत पुढे वाक. बोटांना पायाची बोटं लागली पाहिजेत असं काही नाही, तिकडे निघालेली असली म्हणजे झालं. गुडघ्याशी थांबलास तर गुडघ्याशी थांब. थांबतोस तिथे दहा श्वास राहा आणि बघ की अंग स्वतःहून किती सैल होतं. आपण ढकललं की ते अडतं, वाट बघितली की सोडतं. (टीप: बाईंनी हे सांगताना मधे विश्रांती घेतली. मी चहा केला. त्यांनी अर्धाच घेतला.)

ते कशाला लिहिलंत? (टीप: मी जे घडतं ते लिहिते.)

हात कसा आहे?

आत्या


२२ मार्च

प्रिय आत्या,

हात: एकही टवका नाही. पण अजून जाड नंबरची काच मालक देत नाहीत, उणे सहापर्यंतच देतात.

मनगटाला गरम पाण्याचा शेक दे, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. मलमाचं नाव वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलं आहे. टायपिस्टबाईंना नमस्कार.

माझ्या शंकेचं उत्तर तू दिलं नाहीस. उभा होतो, मग गुडघ्यांवर आलो, आता बसलो. पुढे काय?

तुझा,
भिंग्या


३१ मार्च

भिंग्या,

पुढे निजायचं.

पाठीवर नीज, गुडघे वाकव, तळवे जमिनीवर. श्वास घेत कंबर हळूहळू उचल. सोडत खाली आण. वरून खाली येताना पाठीचा एकेक मणका जमिनीला टेकतो, त्याकडे लक्ष ठेव. पूर्ण वर गेलं नाही तरी चालेल. नुसतं उचलायचं मनात आणलं तरी अंगात काहीतरी जागं होतं. हे मी कालच नीट बघितलं.

यानंतर अजून एक आहे, ते सर्वांत सोपं. पुढच्या पत्रात.

हात कसा आहे? जाड काच दिली का?

आत्या

(लिहिणारीची टीप: पत्र लांब नाही म्हणून गैरसमज करून घेऊ नये. एवढं सांगायला सकाळ गेली.)


७ एप्रिल

आत्या,

तुला आठवत असेल, सातवीत मला विषमज्वर झाला होता आणि वर्ष बुडालं. परत गेलो तेव्हा गुरुजींनी मला पाचवीत बसवलं. पाया कच्चा आहे म्हणाले. बाकाखाली माझे गुडघे मावत नव्हते. पुढच्या बाकावरची पोरं मला काका म्हणायची. नऊ दिवसांनी मी दप्तर उचललं आणि परत गेलो नाही.

तू मला एका पायावर उभं केलंस. मला ते जमलं. जमल्यावर तू मला दर महिन्याला एक इयत्ता खाली आणते आहेस. पत्रंही लहान होत चालली, आणि ती तू स्वतः लिहीतही नाहीस. माझ्याच्याने होणार नाही असं वाटत असेल तर स्पष्ट सांगायचंस. सर्वांत सोपं मला पाठवू नकोस.

भिंग्या


१८ एप्रिल

भिंग्या,

तसं नाही. हात कसा आहे ते लिही.

आत्या


३० एप्रिल

आज महिनाअखेर. मालकांनी काय ठरवलं? हात कसा आहे? एक ओळ पुरे.

आत्या


१९ मे

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या आत्याच्या शेजारी राहते. त्यांची पत्रं मार्चपासून मी लिहिते आहे. हे पत्र माझं स्वतःचं आहे, आणि मी हे पाठवते आहे हे त्यांना माहीत नाही.

आमच्या ऑफिसात पत्राला सात दिवसांत उत्तर द्यायची शिस्त होती. अठरा एप्रिलच्या पत्राला तुम्ही एकतीस दिवस घेतले आहेत. मी तुमच्यावर रागावलेली आहे, हे आधी सांगून टाकते. आता बाकीचं.

मनगट मुरगळलेलं नाही. गेल्या ऑक्टोबरात तुमच्या आत्याच्या डाव्या पायातून चप्पल निसटायला लागली. मग हातातून कप. मग अंगठ्याखालचं मांस झडलं. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूतून स्नायूंकडे जाणारा निरोप वाटेतच बंद पडत चालला आहे. एकेक स्नायू जातो, परत येत नाही. औषध नाही. बुद्धी शाबूत राहते, सगळं कळत राहतं.

जानेवारीत तुमचं पहिलं पत्र आलं. हात थरथरतो हे वाचून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हेच तुम्हाला झालं आहे की काय, अशी भीती. म्हणून ते प्रश्न. तुमचं अंगठ्यांचं उत्तर आलं त्या दिवशी त्या रडल्या, आणि मला म्हणाल्या, "पोरगं मापाने मोजतंय, वेडं कुठलं."

त्या पहिल्या पत्राच्या दिवशी त्या कपाटाला धरून एका पायावर उभ्या राहिल्या. पाच श्वास झाले. म्हणाल्या, हे बहुतेक शेवटचं, हे आधी पाठवते. पुढचं प्रत्येक आसन त्यांनी असंच पाठवलं. जे जाणार असं दिसायचं ते त्या दिवशी लिहून टाकायच्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही उलटीकडून शिकवताय, त्याला कळायचं नाही. तर म्हणाल्या, जे जातंय ते आधी नको का द्यायला? सोपं काय, ते माझ्याकडे राहीलच अजून थोडं.

तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. थरथरणाऱ्या हाताला ही बातमी द्यायची नाही, आधी हात थांबू दे, मग सांगू. फोनवर बोलल्या असत्या तर जड जिभेवरून तुम्हाला कळलं असतं. म्हणून त्या अंघोळी. मला खोटं बोलता येत नाही, मला दोनच कारणं सुचली.

सात एप्रिलचं तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. मधली एक ओळ गाळावी असं वाटलं, पण मी गाळली नाही. त्यांनी ते परत वाचायला सांगितलं. मग म्हणाल्या, "चूक माझी. त्याला पाचवीत बसवलं होतं हे मी विसरले."

त्यांचा आवाज सहा मे रोजी गेला. शेवटचं कळेल असं जे बोलल्या ते हे: "पोस्टमन आला का?"

कळावे.
शेजारची टायपिस्ट


२५ मे

टायपिस्टबाई,

मी शनिवारी निघतो, रविवारी दुपारी पोचेन. मालकांनी आठ दिवस दिले आहेत.

माझ्या आधी हे पत्र पोचलं तर तिला लगेच वाचून दाखवा: हात थांबला आहे. सोळा एप्रिलपासून एकदाही थरथरला नाही. अठ्ठावीस तारखेला मालकांनी त्याच शिक्षिकेची दुसरी काच दिली, उणे अकराची. मी ती श्वास सोडत घासली. पूर्ण गोल फिरली, टवका नाही. मालकांनी कड बोट फिरवून बघितली आणि म्हणाले, "जा, बस तुझ्या चाकावर." डब्या पुसायचं आता कोणी बोलत नाही.

हे मी तीस एप्रिलला लिहू शकत होतो. कागद समोर घेतला होता. तिने आधी माझी माफी मागावी असं मला वाटत होतं.

भिंग्या


४ जुलै

चि. भिंग्यास,

तुम्ही जाऊन महिना झाला. आता मी तुम्हाला अहोजाहो करणार नाही. आठ दिवस ज्याने माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले त्याला अहो म्हणवत नाही.

तू इथे असताना सांगायचं नाही असं ठरलं होतं, ते आता सांगते. तू आल्यावर औषधांच्या बाटल्यांना वेळेच्या चिठ्ठ्या लावल्यास. पलंगाच्या चाकांना तेल दिलंस. खिडकीची काच चार वेळा पुसलीस, पाचव्यांदा मी फडका लपवला. गिळायला त्रास होतो म्हणून चमचे घासून त्यांच्या कडा बोथट केल्यास. ते मात्र चांगलं केलंस. तिसऱ्या दिवशी तुझ्या आत्याने मला तक्त्यावरून एक वाक्य सांगितलं. तक्ता तू पाहिला आहेस. मी अक्षरांवरून बोट फिरवत जाते, हवं ते अक्षर आलं की ती पापणी मिटते. ते वाक्य असं: "भिंग्या बसत नाही. बघवत नाही."

पण सहाव्या दिवशी तू तिच्या पलंगासमोर एका पायावर उभा राहिलास. तू डोळे मिटले होतेस म्हणून तुला दिसलं नाही. ती तुझ्याबरोबर श्वास घेत होती. तिचा श्वास आता तोकडा आहे, तुझ्या एका श्वासात तिचे तीन होत होते. तरी सोळापर्यंत तिने सोडलं नाही. आणि मग तू कपाटावर आपटलास तेव्हा ती हसली. आवाज नव्हता, पण मी तिला बावीस वर्षं ओळखते, ते हसणंच होतं.

राहिलेलं शेवटचं आसन तिने आता पाठवलं आहे. त्याला अकरा दिवस लागले. हल्ली सकाळी चारपाच अक्षरं होतात, मग पापणी दमते. मी शब्द पुरा करून दिला तर तिला राग येतो, म्हणून मी वाट बघते. ते असं आहे:

"नीज. हात मोकळे. काही करू नकोस. श्वास बघ. मीही तेच करते."

मी विचारलं, आणखी काही? तिने पापणी मिटली नाही.

डॉक्टर म्हणतात, आता श्वासाचे स्नायू. किती दिवस ते सांगत नाहीत. यंत्र लावायचं नाही हे तिने डिसेंबरातच लिहून ठेवलं आहे, तेव्हा अक्षर सुंदर होतं. तू परत येऊ नकोस असं ती म्हणते. मी म्हणते की ये, पण फडका आणू नकोस.

तुझी,
टायपिस्टमावशी


१५ जुलै

प्रिय आत्या,

मावशी हे तुला वाचून दाखवतील. मावशी, कृपया सावकाश वाचा आणि मधे चहा करायला उठू नका.

मालकांकडे रजा मागितली आहे. पंचवीस तारखेपासून मिळेल. त्याआधी निघालो असतो, पण दुसरा कारागीर आजारी आहे आणि सहा जणांच्या काचा अडकल्या आहेत. हे कारण खरं आहे, पण मला त्याची लाज वाटते.

तुझ्याकडून परत आलो तेव्हा मी रोज सकाळी दोन्ही अंगठे मोजायचो. अर्धा मिलिमीटर होता तेवढाच आहे. तरी मोजायचो. परवा मालकांना माप देऊन टाकलं आणि सांगितलं, मी मागितलं तरी देऊ नका. त्यांनी ते खिशात घातलं.

हात अगदी स्थिर आहे. याच महिन्यात उणे चौदाची काच घासली. आता मागे कोणी उभं राहिलं, जांभई दिली, भांडलं, तरी हलत नाही. तू दिलंस ते सगळं लागू पडलं. चाकासमोर बसलो की मला हे रोज आठवतं, कारण या स्थिर हाताने तुझ्यासाठी करण्यासारखं काही नाही. चमचे झाले, चाकांना तेल झालं. मी तिथे काय करत होतो ते मला आता कळतं. मी गॅस बघायला उठत होतो.

तुझं शेवटचं आसन मी करतो. ते सर्वांत सोपं नाही. एका पायावर मी दहा दिवसांत उभा राहिलो, पण काही न करता निजणं अजून दोन मिनिटांपलीकडे जात नाही. तिसऱ्या मिनिटाला वाटतं की तुझा श्वास आत्ता चालू आहे ना, हे कुणीतरी जाऊन बघितलं पाहिजे. मग मी माझा बघतो. येतो, जातो. तुझा बघता येत नाही म्हणून माझा बघतो. तू म्हणाली होतीस तसा दारात उभा राहून.

तुझी सगळी पत्रं मी खाटेजवळ ठेवली आहेत. आता मी ती तू पाठवलीस त्या क्रमाने करत नाही. सहा वाजता शेवटच्या पत्रापासून सुरू करतो. आधी निजतो, हात मोकळे सोडून, तू आत्ता आहेस तशी. मग कंबर उचलतो, एकतीस मार्चची. मग उठून बसतो आणि पुढे वाकतो. मग गुडघ्यांवर येतो, मांजर होतो, एका श्वासाला एक मणका. मग उभा राहतो. सगळं वजन उजव्या पायावर आणतो आणि आठ श्वासांत डावा पाय उचलतो. तुला लवकर उभं करावंसं वाटतं, पण मी मधे कुठे घाई करत नाही.

साधारण सहा चाळीसला तू कपाट न धरता उभी असतेस.

सोळा श्वास होतात. परवा मी वीसपर्यंत गेलो, काल सव्वीस. मग घोटा थरथरायला लागतो, आधी थोडा, मग गुडघ्यापर्यंत. मी श्वास बघत राहतो. जेवढं थांबता येतं तेवढं थांबतो.

मग पाय खाली ठेवतो.

तुझा,
भिंग्या